मागच्यानं बोलायचं नाही

काचवाला: नाही हो बाई, स्पॅनिशचा वर्ग नाही लावायचा मला. या वयात बाकावर बसलो तर बाकच हसेल. मला एक शब्द पाहिजे, एकच. पण त्याआधी गोष्ट ऐकावी लागेल तुम्हाला. फळा पुसायचा राहू द्या, बसा अशा. चांगली गोष्ट आहे. मी आहे तिच्यात, पण फार नाही.

बाई: काका, पुढची बॅच येईल आता.

काचवाला: येऊ द्या की. त्यांनाही सांगू.

बाई: बरं, थोडक्यात सांगा.

काचवाला: थोडक्यात सांगायला मी काय तार करतोय? आधी हे सांगा, त्या खिडकीला कागद कुणी चिकटवला?

बाई: मीच. तडा गेलाय. वारा आला की खडखडते.

काचवाला: कागदानं काच सांधतात होय? शिकलेली माणसं तुम्ही! राहू द्या, ते माझ्याकडं लागलं. काचेचंच दुकान आहे माझं. मोठ्या रस्त्यावर, त्या पुनर्वसन केंद्राच्या बरोब्बर समोर. तर, माझा एक जोडीदार आहे. पाहुणा म्हणतात त्याला.

बाई: पाहुणा?

काचवाला: समुद्रापलीकडचा. जहाजावरून उतरला आणि माझ्या दुकानात शिरला. बोटं दाखवून म्हणाला, आठ दिवस काम द्या. दुकानामागं खोली होती, तिथं अंथरूण टाकलं. ते आठ दिवस अजून संपायचे आहेत. बायको माझी रोज विचारायची, तुमचा पाहुणा जाणार कधी? मग तीच गेली, पाहुणा राहिला.

बाई: गेल्या म्हणजे?

काचवाला: वारली हो. रुसून नाही गेली.

बाई: अरेरे. आणि हे पाहुणे स्पॅनिश बोलतात?

काचवाला: आता तेवढंच बोलतो. आधी आपली भाषा अशी बोलायचा की गिऱ्हाईक मला परका समजायचं. शिव्या तर अस्सल. मागच्या थंडीत दुकानातच पडला, काच कापायचा हिरा हातात धरून. डोक्यात रक्त अडकलं म्हणाले. उजवा पाय ओढत चालतो, ते एक वेळ ठीक आहे. पण आपली भाषा साफ पुसली गेली त्याची. पाणी देऊ का म्हटलं तर माझ्या तोंडाकडं बघत बसतो. डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी. आईकडून आलेली राहते, बाहेर उचललेली जाते.

बाई: मग तुम्ही दोघं बोलता कसे?

काचवाला: बोलत नाही. शेजारी बसतो. तसे आधी तरी कुठं गप्पा मारायचो? पण तेव्हा मनात आलं तर बोलता यायचं, एवढाच फरक. आता मुद्द्यावर येतो. तो समोरच्या केंद्रातच आहे. तिथं एक फिजिओ पोरगी आहे, चांगली आहे, पण खमकी. ती म्हणते, हा माणूस दुकानामागं एकटा राहणार, तर त्याला रस्ता ओलांडता आला पाहिजे. चालायचा दिवा हिरवा लागल्यापासून लाल व्हायच्या आत. कुणाचा हात न धरता. जमलं तर घरी, नाही जमलं तर नाही.

बाई: नाही म्हणजे कुठं?

काचवाला: पुतण्या येतोय रविवारी. विमानात घालून घेऊन जाईल. हा तिकडून निघाला तेव्हा तो पुतण्या जन्मायचा होता. तिकडं याला ओळखणार कोण? आणि हा ओळखणार कुणाला? जायचं असतं तर कधीच गेला असता. त्याची खोली मी झाडून ठेवलीय, त्याची टोपी खिळ्यावर आहे. तिकडं टोपी लावायला खिळा तरी असेल का, कुणी सांगावं.

बाई: आणि चालतात का ते?

काचवाला: छान चालतो. पण असा चालतो, जणू रस्ता त्याच्या बापानं बांधलाय. मधल्या कठड्यापाशी पोचतो तोवर लाल. गाड्या भोंगे वाजवतात, फिजिओ हात वर करून उभी, मी कपाळाला हात लावून उभा. हा आपला निवांत. म्हणून मला शब्द पाहिजे. त्याच्या भाषेत, घाई कर म्हणायचा.

बाई: घाईला एक शब्द नाही हो काका. चार-पाच आहेत.

काचवाला: असू द्या. त्यातला बरा असेल तो द्या.

बाई: तसं नसतं. आता आपल्याकडंच बघा ना. जेवत बसलेल्याला काय म्हणाल?

काचवाला: उरक.

बाई: आणि आरशासमोर उभ्या राहिलेल्या लेकीला?

काचवाला: आवर. बायकोला पण आवरच म्हणायचो, मनातल्या मनात.

बाई: आणि रस्त्यात?

काचवाला: पाय उचल.

बाई: बघा. रस्त्यात कुणाला 'उरक' म्हटलं तर तो काय उरकणार? तिकडंही तसंच आहे. शिवाय गाव बदललं की शब्द बदलतो. कुठले आहेत ते नक्की?

काचवाला: विचारलं नाही कधी.

बाई: इतक्या वर्षांत?

काचवाला: त्यानं तरी मला कुठं विचारलं?

बाई: बरं. मग कामाच्या वेळी काय म्हणायचात? घाई असली की?

काचवाला: कामात घाई नसतेच. बाई, दोन माणसं मोठी काच घेऊन चालली आहेत असं समजा. एक पुढं, एक मागं, मध्ये ती उभी काच. पुढचा रस्ता बघतो, मागचा काच बघतो. पुढचा सांगतो, पायरी, दार, खड्डा, कुत्रं. मागचा ऐकतो. पाहुणा कायम पुढं, मी कायम मागं. मागच्यानं तोंड उघडलं म्हणजे काचेचं काहीतरी बिघडलं समजायचं. नाहीतर मुकाट चालायचं. एकानं घाई केली आणि दुसऱ्यानं केली नाही, तर काच मधल्या मध्ये जाते. आणि आवाज करून जाते. म्हणून तो शब्दच कधी लागला नाही आम्हाला. आज लागलाय.

बाई: मग 'दाते प्रीसा' म्हणून बघा. पुस्तकात पहिला हाच असतो. सरळ अर्थ, स्वतःला घाई दे.

काचवाला: स्वतःला घाई दे. हे बरंय, देणंघेणं आपसातच. दाते प्रीसा. दाते प्रीसा. जिभेला काही होत नाही. येतो बाई. खिडकीचं माप डोळ्यांत घेतलंय.

*

काचवाला: बाई, तुमचा शब्द फुटका निघाला.

बाई: काय झालं?

काचवाला: सगळं झालं, फक्त घाई झाली नाही. आज सकाळी फिजिओनं त्याला रस्त्याच्या कडेला उभा केला. हिरवा लागला. हा निघाला. मी मागं.

बाई: मागं कशाला?

काचवाला: मग कुठं? पडला तर धरायला नको? हात लावायचा नाही म्हणते ती, पण पडताना झेलायला मनाई नाही. तर चार पावलं टाकली त्यानं. मी म्हटलं, स्वच्छ, तुम्ही शिकवलं तस्सं, दाते प्रीसा! आणि हा जागच्या जागी थांबला. खिळा ठोकावा तसा. भर रस्त्यात.

बाई: थांबले?

काचवाला: थांबला, आणि डाव्या हाताकडं बघायला लागला. असा, तळवा उघडून. मला वाटलं ऐकू नाही आलं. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. तर हा आणखी थांबला.

बाई: आणखी कसं थांबतात?

काचवाला: थांबलेला माणूस आधी हलतो थोडा, डुलतो. ह्यानं तेही बंद केलं. मागं गाड्यांची रांग लागली. एक रिक्षावाला मला विचारतो, पुतळा कुणाचा बसवताय म्हणून.

बाई: फिजिओ काय म्हणाली?

काचवाला: ती म्हणाली, हाताकडं बघतोय हे चांगलं लक्षण आहे, दुखऱ्या बाजूचं भान येतंय. मी म्हटलं अगं बाई, दुखरा उजवा आहे, बघतोय डाव्याकडं. तर म्हणाली, मेंदूचं काही सांगता येत नाही.

बाई: तो शब्द जरा हुकमी आहे खरा. आई मुलाला म्हणते, शाळेला उशीर होतोय, दाते प्रीसा. राग आला असेल त्यांना.

काचवाला: राग आला की तो शिवी देतो. थांबत नाही.

बाई: मग 'आपूराते' बघा. घरातला शब्द आहे. तिकडं बऱ्याच ठिकाणी हाच चालतो. पण काही गावांत याच शब्दाला चिंता करणं असा वास येतो, म्हणून मी आधी दिला नाही.

काचवाला: चिंता तर चिंता. चिंतेनं पण माणूस पळतो. दुसरा आणखी एखादा द्या जोडीला. पुन्हा जिने चढायला लावू नका.

बाई: 'आप्रेसूराते.' जरा कागदी आहे. पण आदबशीर.

काचवाला: आप्रे... हा लांबलचक आहे. एवढा म्हणेपर्यंत दिवा जाईल. ठीक आहे, वाटेनं पाठ करतो. बाई, खरं सांगा, एवढे शब्द करून ठेवले, म्हणजे ती माणसं फार घाईची असतील.

बाई: की फार सावकाश?

काचवाला: तसंही असेल. ज्याला जे जमत नाही त्याचेच शब्द जास्त.

*

बाई: मी इथं केंद्राच्या दारातून तुम्हाला बघत होते काका. दोन्ही शब्द म्हणालात. उच्चारही बरोबर होते.

काचवाला: आणि?

बाई: दोन्ही वेळा थांबले.

काचवाला: म्हटलं होतं ना. मला वाटायला लागलंय, याला जायचंच नाही माझ्याकडं. पुतण्याबरोबर जायचं असेल. मुद्दाम थांबतो. तसं असेल तर तसं सांगावं माणसानं, मी काय बांधून ठेवणार आहे? उद्या शनिवार. फिजिओ म्हणाली, सकाळी शेवटचं बघू, मग ती पुतण्याला कळवणार.

बाई: त्यांनाच विचारू ना. आत बाकावर बसलेत. मी बोलते त्यांच्याशी.

काचवाला: विचारा. पण माझ्यासमोर विचारा. आणि जे म्हणेल ते जसंच्या तसं सांगा, साखर पेरू नका.

(पाहुणा स्पॅनिशमध्ये बोलतो. तो काय म्हणाला ते काचवाल्याला बाईंकडूनच कळतं.)

बाई: नमस्कार. मी भाषा शिकवते. हे तुमचे जोडीदार माझ्याकडं शब्द न्यायला येतात.

पाहुणा: कळलं. तरीच.

बाई: काय तरीच?

पाहुणा: हा एवढं शुद्ध बोलतोय. घाबरलो मी.

काचवाला: काय म्हणतोय?

बाई: तुमच्या उच्चारांचं कौतुक करतायत.

काचवाला: साखर पेरू नका म्हटलं ना!

बाई: बरं, घाबरले होते. पाहुणे, तुम्हाला एक विचारते हं. 'दाते प्रीसा' कसा वाटला?

पाहुणा: मास्तर. छडीवाला.

बाई: 'आपूराते'?

पाहुणा: माझी आत्या. दारात उभी राहून ओरडायची.

बाई: आणि 'आप्रेसूराते'?

पाहुणा: वकील. जमीन गेली तेव्हाचा.

काचवाला: एवढा वेळ काय चाललंय? हसतोय कशाला तो? पडल्यापासून पहिल्यांदा दात दिसले त्याचे.

बाई: शब्दांना नावं ठेवतायत. थांबा जरा. पण अर्थ तर कळला ना तुम्हाला? घाई करा, असं म्हणत होते ते.

पाहुणा: न कळायला काय? माझी भाषा आहे.

बाई: मग थांबलात का? प्रत्येक वेळी?

पाहुणा: हा मागून बोलला.

बाई: मागून बोलले म्हणून?

पाहुणा: मागचा बोलला की थांबायचं. काय म्हणाला ते बघायचं नाही. आधी थांबायचं. मग काच बघायची.

काचवाला: बाई, काय म्हणाला? जायचंय का त्याला? सांगून टाका.

बाई: काका, ते म्हणतायत, मागचा बोलला की थांबायचं.

काचवाला: हो मग, ते तर आहेच. ते मीच सांगितलं तुम्हाला.

बाई: तुम्ही मागं होतात.

काचवाला: मी कायम मागंच...

बाई: आणि बोललात.

काचवाला: अरे देवा.

बाई: शब्द कुठलाही असता तरी थांबले असते.

काचवाला: पण हातात काच नव्हती ना त्याच्या! विचारा त्याला, काच कुठं होती?

बाई: ते विचारतायत, हातात काच नव्हती, मग?

पाहुणा: बघितलं मी. डाव्या हातात. नव्हती. पण थांबल्यावर कळतं ना ते.

बाई: म्हणजे डाव्या हाताकडं...

काचवाला: डाव्या हातात काच धरतो तो. कायम. मी आठवडाभर त्याला भर रस्त्यात थांबवत होतो. स्वतःच्या तोंडानं. तीन-तीन भाषांमधून. बाई, तुमच्या हातातली ती छत्री हाणा मला.

बाई: भाषा एकच होती काका.

काचवाला: तुमच्यासाठी. मग आता असं करतो, मीच पुढं होतो. पुढून बोलावतो.

बाई: ते पुढं होऊन चालले तर चालेल का तुम्हाला?

पाहुणा: तो? पुढं? त्याला रस्ता दिसतो कुठं. कुत्र्यावर पाय देईल. पुढं मी.

बाई: नको म्हणतायत.

काचवाला: नको म्हणाला एवढ्याला इतकं लांब बोलला?

बाई: बाकीचं तुमच्या डोळ्यांबद्दल होतं.

काचवाला: हां, मग तोच आहे हा. चांगला आहे. मग घाई कशी करणार, ते तरी विचारा.

बाई: रस्ता लवकर ओलांडला नाही, तर तुम्हाला दुकानात परत जाता येणार नाही. माहीत आहे ना? पुतण्या येतोय.

पाहुणा: माहीत आहे. पोरगी खुणा करून सांगते रोज. पण रिकाम्या हातानं घाई कसली? पाय ऐकत नाहीत. पायांना कारण लागतं.

बाई: काका, ते म्हणतात, रिकाम्या हातानं घाई कसली.

काचवाला: पुन्हा सांगा.

बाई: रिकाम्या हातानं घाई कसली. पायांना कारण लागतं.

काचवाला: बाई, तुमच्या वर्गाची ती खिडकी. चौकटीसकट निघते ना?

बाई: निघते. दोन बिजागऱ्या आहेत. का?

काचवाला: फुटकी काच काढून टाकतो, रिकामी चौकट उद्या सकाळी इथं आणतो. नवी काच बसवायला तिला पलीकडं दुकानात न्यायचीच आहे. दोन माणसांचं काम आहे ते.

बाई: एका हातात मावेल ती, काका.

काचवाला: आमच्यात दोघंच नेतात. पण ती फिजिओ मोडता घालेल. आधार चालणार नाही म्हणेल.

बाई: तो आधार कुठाय? ओझं आहे.

काचवाला: जा बरं, हे असंच्या असं सांगा तिला. माझ्याशी ती वाद घालते, तुमच्याशी नाही घालणार.

बाई: आणि नाही म्हणाली तर?

काचवाला: तर खिडकीची काच मी एकटा बसवीन. त्याला घाई नाही.

*

काचवाला: काय म्हणाली ती शेवटी?

बाई: म्हणाली, आधार घ्यायचा नाही असा नियम आहे. ओझं घ्यायचं नाही असा कुठं नाही. ती बघा, पलीकडं उभी आहे. घड्याळ काढलंय.

काचवाला: ठीक. चौकट उचलायचा पट्टा बसला नीट? धर रे. हां, त्याला सांगायला नको, त्यानं धरलीच. बघा, डाव्या हातात. बाई, आता मी बोलणार नाही. तुम्ही माझ्या बाजूनं चला, पण त्याच्यापुढं जाऊ नका. तुम्हाला काय बडबडायचं ते बडबडा. तुम्ही चौकटीला हात लावलेला नाही, तुमचा आवाज मोजत नाही तो.

बाई: आभारी आहे.

काचवाला: दिवा?

बाई: लाल आहे अजून. काका, तुम्ही घाबरलात का?

काचवाला: मी काच बघतोय.

बाई: चौकटीत काच नाहीये.

काचवाला: म्हणून तर जास्त बघावं लागतंय. आता गप्प.

बाई: लागला. हिरवा लागला.

पाहुणा: आलिहेरा!

बाई: हा तर मी दिलाच नव्हता. काका, ऐकलंत? तुम्हाला म्हणाले ते. आलिहेरा. म्हणजे पाय हलका कर. अहो, चला ना! ते निघाले. बरं, मान हलवू नका, चला. मधला कठडा आला. दिवा हिरवाच आहे. तो रिक्षावाला बघतोय आपल्याकडं, टोपी काढलीय त्यानं.

पाहुणा: कठडा. डावीकडून.

बाई: कठडा म्हणाले, डावीकडून. तुम्ही आधीच वळलात. कसं कळलं? बरं, बोलू नका. अर्ध्याच्या पुढं आलो. पाय ओढतायत, पण थांबत नाहीत. दिवा लुकलुकायला लागला. काका, लुकलुकतोय! चार पावलं. दोन.

पाहुणा: पायरी.

बाई: चढले. तुम्हीही चढलात. आता झाला लाल. झालं काका! फिजिओ मान हलवतेय, घड्याळ खिशात टाकलं तिनं. आता बोला की. थांबतील ते.

काचवाला: शू! हळू.

बाई: कुजबुजताय कशाला?

काचवाला: थांबायचं नाहीये त्याला. बघा ना, फिजिओला ओलांडून गेला. वळून बघितलं पण नाही तिच्याकडं.

बाई: दुकानाकडं निघालेत.

काचवाला: मग कुठं जाणार? चौकट दुकानात न्यायची आहे.

पाहुणा: खड्डा. उजवीकडं.

बाई: खड्डा म्हणाले, उजवीकडं.

काचवाला: माहीत आहे मला तो खड्डा. अहो बाई, हा पळतोय की काय?

बाई: चालतायत. तुम्हाला धाप लागलीय.

काचवाला: दुपारपर्यंत तुमची खिडकी लावून देतो. संध्याकाळच्या बॅचला वारा लागायचा नाही.

बाई: ते राहू द्या हो. दम घ्या आधी. थांबवू का त्यांना?

काचवाला: थांबवायला मी एक शब्द बोललो तरी पुरे. कुठलाही. पण आज तो नाही बोलायचा मला. बाई, एक काम करा. तुम्ही जरा पुढं व्हा, आणि त्याला त्याच्या भाषेत सांगा, मागचा म्हातारा झालाय.